माजी आमदार, पेशा सुतार

हातात रंधा घेतलेला आमदार मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्यानेही रंधा उलटा धरलेला होता.

जेद्दाच्या बाहेर, जिथे शहर संपून नुसती गोदामं आणि धूळ सुरू होते, तिथे आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचं ऑफिस होतं. तपासणीची सरकारी गाडी फाटकाशी आली की आमचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, हेडक्लार्क जिन्यावरून ओरडायचा, "तफ्तीश! यल्ला, यल्ला!" मग पत्रव्यवहाराच्या टेबलामागून आमदार उठायचे. चष्मा घडी करून खिशात ठेवायचे, पेनाला टोपण लावायचे, शर्टाची वरची गुंडी सोडायचे आणि मागच्या दाराने सुतारशेडकडे निघायचे. बाकीचे कारकून चपला हातात घेऊन धावत असायचे. हे मात्र विधानभवनाच्या पायऱ्या उतरल्यासारखे सावकाश चालायचे. माझ्या खिडकीसमोर आले की थांबून म्हणायचे, "टाइमकीपर, नोंद करा. सभात्याग."

इकाम्यावर, म्हणजे त्या देशात राहायच्या परवान्यावर, त्यांचा पेशा सुतार असा लिहिलेला होता. त्यांना व्हिसा सुताराचा मिळाला म्हणून ते सुतार. कारकुनीची कामं सौदी माणसांसाठी राखून ठेवायचे दिवस सुरू झाले होते. कारकुनाच्या टेबलावर सुतार सापडला तर कंपनीला दंड आणि सुताराला घरचं विमान. म्हणून तपासणी संपेपर्यंत माजी लोकप्रतिनिधी शेडमध्ये फळीसमोर उभे राहायचे. तिथले दोघे खरे सुतार बिहारकडचे होते. ते त्यांना जुनी फळी द्यायचे, कारण चांगली दिली तर वाया जायची.

मी त्या कंपनीत टाइमकीपर होतो, आणि इकाम्यावरही टाइमकीपरच होतो. कंपनीच्या कामगारांच्या सगळ्या कॅम्पात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांचा इकामा खरं बोलायचा, त्यांत माझा एक. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

ते खरोखरच आमदार होते का, याबद्दल कॅम्पात बरीच वर्षं दोन पक्ष होते. परदेशात गेलेला प्रत्येक माणूस गावाकडे कोणीतरी असतोच. पण एकदा त्यांच्याच तालुक्यातला गणपत गवंडी कॅम्पात आला आणि वाद मिटला. गणपतने त्यांना जेवणाच्या रांगेत पाहिलं आणि हातातली थाळी खाली ठेवून वाकून नमस्कार केला. मग रात्री खोलीत आम्हाला सांगितलं, "अवो, खरेच आमदार. एकदा निवडून आलेले. आणि मंगं त्ये म्हाधिवक्त्याला उभे ऱ्हायलेले."

आम्ही म्हटलं, महाधिवक्त्याला कोणी उभं राहत नाही. महाधिवक्ता म्हणजे राज्य सरकारचा सगळ्यात मोठा वकील. त्याला मंत्रिमंडळ ठरवतं आणि राज्यपाल नेमतात. त्याला मतदान नसतं.

"त्ये आमाला काय ठाव? आमच्या वाडीच्या साकवाच्या कठड्यावर लिवलेला होता ना. चुना मी सोता कालवलेला. आमची आये तर इचारी, निशानी काय वो यांची?"

गणपत खोटं बोलत नव्हता. पुढे आमदारांनी स्वतःच मला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ते तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे. एका लाटेत निवडून आले. त्यांच्या मतदारसंघात खाडी बुजवून कारखाना यायचा होता आणि कोळ्यांनी कोर्टात दावा लावला होता. आमदारांनी सभागृहात प्रश्न विचारला. मंत्री म्हणाले, तपासून पाहू. तिकडे कोर्टात सरकारचा वकील म्हणाला, त्या खाडीत मासेमारी होतच नाही. आमदार त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्या डब्यात त्याच खाडीतली कोलंबी होती. ते मला म्हणाले, "तेव्हा माझ्या लक्षात आलं. मंत्री बदलून काही होत नाही, टाइमकीपर. सरकारच्या वतीने खोटं कोण बोलतो, ते बदलायला पाहिजे."

इथपर्यंत माणूस शहाणा होता. पुढे त्यांनी काय केलं, तर मतदारसंघभर पायी फिरून, मला महाधिवक्ता करा, अशी सह्यांची मोहीम काढली. भिंती रंगवल्या, सभा घेतल्या. तीन गोणी भरतील इतक्या सह्या झाल्या. त्या गोण्या एसटीच्या टपावर टाकून मुंबईला नेल्या आणि एका सरकारी कचेरीच्या आवक टेबलावर ठेवल्या. तिथल्या कारकुनाने पोच दिली. ती पोच प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ते जेद्दालाही घेऊन आले होते. मी ती वाचली आहे. "गोण्या तीन मिळाल्या. मजकूर तपासलेला नाही." खाली गोल शिक्का आणि कोणाची तरी न लागणारी सही होती.

पक्षाने पुढच्या वेळी तिकीट दिलं नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि अनामत गेली. पोरं त्यांना पाहून रस्त्यात निशाणी काय म्हणून विचारू लागली. वकिलीही गेली, कारण ज्या वकिलाला लोक हसतात त्याच्याकडे दावा घेऊन कोण जाणार? मी विचारलं, "साहेब, माजी आमदारांना पेन्शन असते. मग हे सुतारकाम कशाला?" ते म्हणाले, "पेन्शन मंडळींच्या हातात आहे. आणि मंडळींनी मला घरात घ्यायचं नाही असा ठराव केलाय. एकमताने." मतदारसंघातल्याच एका माणसाने, जुन्या उपकाराची फेड म्हणून, त्यांना सुताराचा व्हिसा मिळवून दिला होता.

कॅम्पात त्यांचं सभागृह चोवीस तास चालू असायचं. न्हाणीघराच्या रांगेत कोणी घुसला की ते टॉवेल खांद्यावर टाकून हात वर करायचे, "हरकतीचा मुद्दा आहे." भात दुसऱ्यांदा मागायचा तर भटाऱ्याला म्हणायचे, "पुरवणी मागणी." भटारी आंध्रचा, त्याला ओ की ठो कळायचं नाही, पण तो भात वाढायचा. सगळ्यांना सन्माननीय म्हणायचे, अगदी संडास साफ करणाऱ्या बंगाल्यालाही. तो बंगाली एकटाच त्यांच्या मागे कधी हसला नाही, हे मला आता आठवतं. तेव्हा मी हसणाऱ्यांत होतो.

शुक्रवारी सुट्टी असायची. जेद्दातल्या शराफिया वस्तीत हसनचाचांचं हॉटेल होतं. हसनचाचा मूळचे दापोलीचे, पस्तीस वर्षं तिथेच मुरलेले. त्यांच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर दुपारच्या नमाजानंतर आमदारांचा जनता दरबार भरायचा. कोकणातली पोरं तिथे यायची. कोणाचा गावाकडे बांधाचा तंटा, कोणाच्या बायकोचं रेशनकार्ड, कोणाचा पासपोर्ट कंपनीने दाबलेला. आमदार सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि अर्ज लिहायचे. सगळं जग ऑनलाइन झालं होतं आणि हा माणूस मध्ये दोन कार्बन घालून तीन प्रतींत अर्ज लिहायचा. कार्बन पेपर सुट्टीवरून येणाऱ्या माणसाकडून मागवायचे, खजूर मागवावेत तसे. इतक्या वर्षांत त्यांच्या अर्जाने माझ्या माहितीत एकच काम झालं. कोणाच्या तरी वाडीत नळ आला. तेवढ्या एका नळावर त्यांनी पुढची सगळी वर्षं दरबार चालवला.

अर्जावर सही घेताना ते न चुकता सांगायचे, "तारीख. तारखेशिवाय सही म्हणजे नुसती रेघ." यावरूनच माझा आणि त्यांचा एकदा खटका उडाला होता. ते तापाने दोन दिवस पडून होते. मी आपलेपणाने त्यांची हजेरी भरून टाकायला निघालो. टाइमकीपरची तेवढी सत्ता असते, आणि माझ्या सत्तेचा मला माज होता असं आज म्हणायला हरकत नाही. ते अंगावर चादर घेऊन माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "मी नव्हतो, तर नव्हतो. मागची तारीख घालता येत नाही, टाइमकीपर. ती फोर्जरी." मी रजिस्टर आपटून बंद केलं. चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

इथवर मी हसत हसत लिहू शकतो. यापुढचं लिहिताना मला त्यांचा राग येतो, आणि त्यांचा राग केला की थोडं बरं वाटतं.

निताकात नावाचा कायदा आला. प्रत्येक कंपनीत अमुक इतके सौदी लोक पाहिजेत. ते असले तर कंपनी हिरवी, कमी पडले तर पिवळी, नसलेच तर लाल. आमची कंपनी लाल झाली. लाल कंपनीतल्या माणसांचे इकामे पुढे वाढायचे नाहीत. पण त्याच कायद्यात माणसांसाठी एक दार उघडं ठेवलेलं होतं. लाल कंपनीतला माणूस हिरव्या कंपनीत बदली घेऊ शकत होता आणि त्याला कफीलची, म्हणजे ज्या मालकाच्या नावावर आपण त्या देशात उभे असतो त्याची, परवानगी लागत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच कायदा आमच्या बाजूने होता.

मल्याळी लोकांनी ते दार बरोबर ओळखलं. आमचा स्टोअरकीपर कुंजुमोन मला म्हणाला, "देखो भाई, एक एक करके जाओ, चुपचाप. नया कंपनी का लेटर लो, ऑनलाइन डालो, खलास. जुलूस मत निकालो." महिन्याभरात त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. कधी गेले ते कळलंही नाही. सकाळी हजेरी घेताना फक्त नावं कमी व्हायची.

माझा मेहुणा संदेश त्याच कॅम्पात होता. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मीच त्याला आणलेला. हाताचा पक्का इलेक्ट्रिशियन, पण इकाम्यावर आमिल, म्हणजे साधा मजूर. त्याला वर समुद्राच्या कडेला नवीन वसवलेल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत, बंदरावरच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं. पत्र महिनाअखेरपर्यंतचं होतं. त्यात पेशा इलेक्ट्रिशियन असा लिहिलेला होता. तो ते पत्र शर्टाच्या खिशात ठेवून फिरायचा आणि दिवसातून दहा वेळा उघडून तेवढीच ओळ वाचायचा. मला म्हणाला, "भावजी, आता खऱ्या कामाचा इकामा होनार. आयेला फोटो पाटवीन."

त्याला एकट्याला जाऊन ते काम दोन दिवसांत करता आलं असतं. पण आमच्याकडे कुठल्याही कामाला एकट्याने जाणं कमीपणाचं वाटतं. सोबत चार माणसं लागतात आणि पुढे एक पुढारी लागतो. तलाठ्याकडे सातबारा आणायचा तरी आम्ही सरपंचाला घेऊन जातो. मीच संदेशला म्हणालो, "एकदा आमदारांच्या कानावर घालू." हे वाक्य मी बोललो नसतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्या शुक्रवारी हसनचाचांच्या हॉटेलात बावीस माणसं जमली. आमदारांनी संदेशचं पत्र वाचलं, कायदा वाचला आणि चष्मा काढला. त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात रेशनकार्डापेक्षा मोठं काही आलं होतं.

"हा एका सन्माननीय सदस्याचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "हा धोरणात्मक प्रश्न आहे. कायद्याने दिलेला हक्क चोरासारखा एकेकट्याने का घ्यायचा? सामुदायिक निवेदन द्यायचं. लेबर ऑफिसला मूळ प्रत, आपल्या वकिलातीला एक, आणि कफीलला एक माहितीसाठी."

हसनचाचा चहाचे ग्लास उचलत होते. ते तिथेच थांबले. "साहेब, कफीलला कशाला? ही आपली दापोली नाय. हितं कागद फिरला का मानूस पन फिरतो."

"ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याला आधी कळवायचं, ही सभागृहाची रीत आहे, चाचा. पाठीमागून करतात ती चहाडी."

चाचा मला म्हणाले, "तुमी तरी सांगा." मी यादीसाठी कागद पुढे ओढला. खरं म्हणजे मला ते सगळं आवडत होतं. आपली माणसं, आपला पुढारी, टेबलावर कागद. गाव सोडून इतकी वर्षं झाली होती आणि त्या टेबलाशी गावातच बसल्यासारखं वाटत होतं.

नावांची यादी मी केली. माझं अक्षर चांगलं आणि सगळ्यांचे इकामा नंबर मला तोंडपाठ. एका पानावर बारा ओळी, अशी दोन पानं झाली. पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीवर आमदारांनी बोट ठेवलं. "ही टाइमकीपरची. हजेरी ज्याच्या हातात आहे, त्याची सही पहिली आली की निवेदनाला वजन येतं."

मी म्हणालो, "आधी बाकीच्यांची होऊ द्या. मी शेवटी करतो."

कागद टेबलाभोवती फिरला. गणपतने केली, मग एकेकाने केली. दुसऱ्या पानाच्या शेवटी आमदारांनी स्वतः केली, निवेदक, माजी विधानसभा सदस्य, अशी. मग पहिलं पान परत माझ्यासमोर आलं. पहिली ओळ तशीच रिकामी होती. मी पेन घेतलं आणि ते चालतं का म्हणून वर्तमानपत्राच्या कडेला रेघा ओढत बसलो. माझा इकामा खरा होता. मला कुठे जायचं नव्हतं. दोन पोरी शाळेत होत्या. ही सगळी कारणं खरी आहेत आणि ती मी कोणालाही सांगू शकतो. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते.

संदेशने माझ्या हातातून पेन काढून घेतलं. त्याची सही अजून व्हायची होती. "तुमचा ऱ्हाऊ दे भावजी. ताईची पोरा लहान हायत. मी करतंय इथं. घरातलीच सही झाली ना." आणि त्याने पहिल्या ओळीत आपलं नाव, नंबर घालून सही केली.

"तारीख," आमदार म्हणाले.

संदेशने तारीख घातली.

कफीलची प्रत द्यायला आमदार स्वतः मुदीरच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या, केबिनबाहेर गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा चेहरा खुललेला. माझ्या खिडकीतून त्यांनी कागद आत सरकवला. त्यावर कंपनीचा शिक्का होता. "पोच मिळाली, टाइमकीपर!" त्या माणसाला आयुष्यात मिळालेली ही दुसरी मोठी पोच. मी त्यांचं अभिनंदन केलं, हेही इथे लिहून ठेवतो.

चौथ्या दिवशी संदेशच्या नव्या कंपनीने त्याचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला तर तिथे हुरूब दिसलं. हुरूब म्हणजे मालकाने केलेली तक्रार, की माझा माणूस पळून गेला आहे. ती एकदा लागली की इकामा मेला. बदली नाही, काम नाही, पोलिसांनी धरलं की परत पाठवणी आणि पुन्हा यायला बंदी. संदेश त्या वेळी साइटवर मीटर बसवत होता. माझ्या रजिस्टरात तो हजर होता आणि सरकारच्या दप्तरी पळालेला होता.

कंपनीने पहिल्या पानावरची बाराच्या बारा माणसं पळालेली दाखवली. दुसरं पान घाबरण्यासाठी शिल्लक ठेवलं.

त्या दुपारी मुदीरने मला आत बोलावलं. मिसरी हेडक्लार्क शेजारी उभा होता. माझं रजिस्टर टेबलावर उघडं होतं. तक्रारीत माणसं पंधरा दिवस गैरहजर आहेत असं लिहिलं होतं, आणि रजिस्टर तसं बोलत नव्हतं. मुदीरने नवी कोरी पानं पुढे केली. आवाज चढवला नाही. माझ्या पोरी कितवीत आहेत ते विचारलं. मी मागच्या पंधरा दिवसांची पानं नव्याने लिहिली. बारा माणसांपुढे लाल पेनाने गैरहजर भरलं. पहिलं नाव संदेशचं होतं. माझं अक्षर त्या दिवशीही चांगलंच आलं.

बाहेर आलो तेव्हा आमदार त्यांच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी माझ्या हातातल्या जुन्या पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, फोर्जरी. पण ते उठून सरळ मुदीरच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. त्यांनी त्यांच्या मोडक्या इंग्रजी-अरबीत सांगितलं की निवेदन माझं आहे, तक्रार माझ्या नावावर करा, या बारांना सोडा. मुदीरने हेडक्लार्कला विचारलं, हा कोण? हेडक्लार्कने इकाम्याची फाइल पाहून सांगितलं, "नज्जार." सुतार. मुदीर हसला. "जा, नज्जार. टेबल बनव."

संदेशला दोन दिवसांनी शराफियात पकडलं. हसनचाचांकडे मदत मागायला निघाला होता. खिशात ते पत्र होतं. त्याला तरहीलमध्ये ठेवलं, म्हणजे परत पाठवायच्या माणसांना ठेवतात तिथे. भेटायला जाता येत होतं. गणपत त्या बारांतलाच, तोही आत गेला होता. बाहेर असलेल्यांपैकी मीच जवळचा. महिनाअखेर होती, सगळ्यांच्या हजेऱ्या पूर्ण करायच्या होत्या. मी गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात तपासणीची गाडी आली. हेडक्लार्क ओरडला, "तफ्तीश!" सगळे धावले. आमदार उठले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, वरची गुंडी लावली, फाइल उघडली आणि लिहीत बसले. मी खिडकीतून खुणा केल्या. त्यांनी मान वर करून एवढंच सांगितलं, "आज सदस्य जागेवर आहे." तपासनिसाने इकामा मागितला. त्यांनी दोन्ही हातांनी दिला. सुतार कारकुनाच्या टेबलावर सापडला. कंपनीला दंड झाला आणि त्यांना त्याच गाडीतून नेलं.

कॅम्पात याच्या मोठ्या गोष्टी झाल्या. मला त्यात शौर्य दिसलं नाही. मला वाटलं, या माणसाला शेवटी इथेही सभागृह मिळालं. बारा पोरांचं आयुष्य गेलं आणि याने आपलं भाषण करून घेतलं. त्याच्या जाण्याने कोणाचंही हुरूब उठलं नाही. असं मी बरीच वर्षं म्हणत होतो आणि माझ्या म्हणण्यात चूक काढणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

कंपनी पुढे हिरवी झाली. मुदीरच्या भाच्यापुतण्यांची नावं कागदावर लागली. काही वर्षांनी टाइमकीपरचं कामही सौदी माणसाला द्यायचं ठरलं. एक चांगला, हसरा मुलगा आला, सोबत अंगठा लावायचं मशीन आलं, आणि मी गावाला आलो.

संदेश आता गावोगाव घरांचं वायरिंग करतो. भाऊबीजेला बहिणीकडे येतो, पण मी बाजारात गेलो की मगच. बायकोने मला कधी काही विचारलं नाही. एकदाच, भांडी आवरता आवरता, म्हणाली, "तो सांगत होता, आत आमदार आले होते. सहा दिवस त्याच्याबरोबर फरशीवर झोपले. भावजी नाय आले, म्हणाला." आणि तिने नळ सोडला.

गेल्या वर्षी एका लग्नाला आमदारांच्या गावाजवळ गेलो होतो. जायचं नव्हतं, तरी पाय वळले. मंडळींनी आपला ठराव थोडा शिथिल केला होता. त्यांना पडवीपर्यंत प्रवेश होता. पडवीत टेबल, टेबलावर कागदांचे गठ्ठे आणि वर दगड. माणूस वाळून काटकी झाला होता. मला पाहून उठायचा प्रयत्न केला. "या, सन्माननीय टाइमकीपर."

त्यांनी माझी चौकशी केली, पोरींची केली. मग गठ्ठा पुढे ओढला. त्या बारा माणसांवरची बंदी उठावी म्हणून निवेदन होतं, सगळ्या खात्यांच्या नावे, मध्ये दोन कार्बन घालून. आजूबाजूच्या वाड्यांतल्या लोकांच्या सह्या आणि अंगठे होते, पानंच्या पानं. मी म्हणालो, "साहेब, याने काय होणार?" मला ओरडायचं होतं. आवाज निघाला तो एवढाच.

"काही होणार नाही," ते म्हणाले. "पण कुठेतरी लिहिलेलं पाहिजे, की ती पोरं त्या पंधरा दिवसांत कामावर होती."

त्यांनी गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. दोन नंबरपासून खाली पान भरलेलं होतं. पहिली ओळ रिकामी होती.

पानाची कड पिवळी पडली होती. ती ओळ किती वर्षं रिकामी ठेवली होती कोण जाणे. त्यांनी पेन दिलं. या वेळी ते चालतं का म्हणून मी पाहिलं नाही. सही केली. मग हात तारखेच्या रकान्यापाशी आला आणि तिथेच थांबला.

ते वाट पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

"आजचीच घाला, टाइमकीपर," ते हळू आवाजात म्हणाले. "मागची घालता येत नाही."

मी आजची तारीख घातली.